कॅमेऱ्यात बघायचं नाही

मागच्या महिन्यात भाचीच्या आग्रहामुळे भांडुपच्या मॉलमध्ये सिनेमाला गेले. मला सिनेमाचं तसं वावडंच. अंधार, थंडगार एसी आणि गुबगुबीत खुर्ची एवढं सगळं दिल्यावर माणसानं झोपू नये, ही अपेक्षाच मला कळत नाही. त्या दिवशीही मध्यंतरानंतर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती, लोक जिन्याकडे धावत होते आणि भाची पर्स काखेत मारून उभी होती.

"चल ना मावशी, संपला पिक्चर."

"संपला कुठे? नावं राहिलीत अजून."

भाचीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू आता हिला घरी कशी न्यायची. पण बसली बिचारी. शेवटचं नाव वर गेलं, दिवे लागले, तसा दाराशी झाडू घेऊन थांबलेला सफाईवाला आमच्या रांगेत आला. "आंटी, आपके जैसे एक अंकल आते थे," तो म्हणाला. "पूरा नाम पढ़के ही उठते थे. बहुत दिन से दिखे नहीं."

मी म्हटलं, "वो गाँव गये."

"अच्छे आदमी थे."

"थे नहीं, हैं," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं आणि भाचीला घेऊन बाहेर पडले.

ते अंकल म्हणजे आमच्या समोरच्या दारातले कुबल भाऊजी.

मुलुंड पूर्वेला आमच्या जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते आणि शालनताई तिथेच. दोघंही मालवणकडचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाऊजी भांडुपला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली आणि तिथे मॉल उभा राहिला, त्यात सिनेमाची थिएटरं. भाऊजींनी एवढं मोठं हिशेबी डोकं लावून ठरवलं होतं की तीन नंबरचा पडदा आहे बरोबर तिथेच त्यांचं स्टोअर होतं. "माझ्याच जागेवर बसतो वहिनी, फक्त आता मला कुणी नटबोल्ट मागत नाही," असं म्हणायचे. आठवड्यातून एकदा सकाळचा खेळ ठरलेला. शालनताईंना गुडघ्यांमुळे जिने उतरवायचे नाहीत, त्यामुळे एकटेच जायचे. कडेची खुर्ची धरायचे आणि नावं संपेपर्यंत उठायचे नाहीत.

सुरुवातीला सफाईवाल्यांशी त्यांची जुंपायची. पुढच्या खेळाची घाई असायची आणि हे ढिम्म. शेवटी भाऊजींनी त्यांना समजावलं म्हणे की, "जेवून उठताना आपण म्हणतो ना, आज भाजी झकास झाली होती, कुणी केली? तसंच हे. लाइटवाल्याचं नाव, चहावाल्याचं नाव. ती माणसं कुठे जाणार रे? कुणी तरी वाचायला नको?" त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढे ते भाऊजींच्या रांगेला सगळ्यात शेवटी हात घालू लागले.

सिनेमा बघून आले की माझ्या दारावर टकटक. आमच्याकडे ह्यांना क्रिकेटखेरीज कशात रस नाही, तेव्हा मतं ऐकायला मीच. भाऊजींची मतं जगावेगळी. गोष्ट काय, हिरो कोण, गाणी कशी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. "वहिनी, सिनेमात कुणी चहा संपवत नाही, बघितलंय? कप उचलतात तेव्हाच कळतं, रिकामा आहे. भरलेल्या कपाला वजन असतं हो. हात जरा खाली येतो." किंवा, "फोन ठेवताना कुणी 'ठेवतो' म्हणत नाही. धाडकन बंद. असं कुणी केलं तर आपण परत फोन करून विचारू ना, काय झालं रे, रागावलास का?" किंवा मग, "आजच्या पिक्चरात एक बाई फ्रिज उघडून नुसती उभी राहिली. काय घ्यायला आली तेच विसरली. बास, पैसे वसूल." बाकीच्या अडीच तासांत काय झालं ते मी कधीच विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आणि त्यांना सिनेमा काढायचा होता. हे ते इतकं साधेपणानं सांगायचे की हसताही यायचं नाही. एका बाईचा दिवस. सकाळी उठते, काम करते, दारात माणसं येतात-जातात, संध्याकाळ होते. बास. हिरॉईन शालनताई, स्टुडिओ स्वतःचं घर, कॅमेरा मोबाइलचा. बाकी आम्ही शेजारी फुकटातले नट.

कॅमेरा सरकवायला हवा म्हणून भाऊजींनी घरातल्या गॅस सिलिंडरची चाकांची ट्रॉली काढली होती. तिच्यावर पाटा, पाट्यावर डाळीचा डबा, डब्याला रबरबँडनं बांधलेला मोबाइल. ट्रॉली काढायची म्हणजे सिलिंडर उतरवायचा, आणि सिलिंडर उतरवायचा म्हणजे गॅस बंद. "माजो भात अर्दो रवलो हां," असं आतून ओरडत शालनताई बाहेर यायच्या. त्यांचा कितीही दंगा झाला तरी शूटिंग काही थांबायचं नाही.

मला त्यात विरजण मागायला येण्याची भूमिका होती. खऱ्या आयुष्यातही मी तेच करायचे, त्यामुळे अभिनयाचा प्रश्न नव्हता. वाटी घेऊन दारात यायचं, "शालनताई, जरा विरजण द्या हो," म्हणायचं आणि त्या आतून वाडगा घेऊन येणार. एवढंच. पण भाऊजींचा एक नियम होता, तो मोडला की सगळं परत. कॅमेऱ्यात बघायचं नाही.

"माणूस कॅमेऱ्यात बघतो तेव्हा प्रेक्षकाला कळतं, आपल्याला कुणी तरी पकडलंय," ते सांगायचे. "मग तो सावरून बसतो. सिनेमा तिथेच संपला. तुम्ही तिथे भिंतीकडे बघा, वाटीकडे बघा, छताकडे बघा. इथे मी नाहीच, असं समजा."

मला जमलं. वॉचमनला जमलं, दुधवाल्याला जमलं. जमलं नाही ते फक्त शालनताईंना. वाडगा घेऊन त्या यायच्या, माझ्या वाटीत दही घालायच्या, आणि नेमक्या त्याच वेळी मान वळवून सरळ मोबाइलकडे बघून फिस्सकन हसायच्या. भाऊजी "कट!" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या वाटीत त्या दिवशी इतकं विरजण पडलं की दही लावायची गरजच उरली नाही.

"अगो, कॅमेऱ्यात कशाला बघतेस? किती वेळा सांगितलं?"

"मी खंय कॅमेऱ्यात बघतंय?" शालनताई म्हणाल्या. "मी तुमका बघतंय. मीना, तूच बघ गो. हो माणूस असो एक डोळो मिटून, जीभ भायर काढून उभो रवता. माका हसू येता."

खरंच होतं ते. शूटिंग करताना भाऊजींचा डावा डोळा मिटलेला आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं असायचं. मोबाइलला डोळा लावायचा नसतो, नुसतं बघायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. तरी डोळा मिटायचाच.

मग भाऊजी फसलेला शॉट जागच्या जागी पुसून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "असू द्या की, नंतर बघू." तर म्हणाले, "छे! रिजेक्ट माल स्टोअरमध्ये ठेवायचाच नाही. चांगल्यात मिसळतो आणि मग अख्ख्या लॉटची वाट लागते. आमच्याकडे लाल चिठ्ठी लागली की संध्याकाळच्या आत गेटबाहेर." कारखाना जाऊन त्यावर मॉल आला, पण भाऊजींच्या डोक्यातलं स्टोअर शाबूत होतं. हिरवी चिठ्ठी आत, लाल चिठ्ठी बाहेर.

असं काही वर्षं त्यांचं शूटिंग चाललं. मधेमधे बंद, मधेमधे चालू. एका सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या सत्यनारायणानंतर, लहान मुलांचं फॅन्सी ड्रेस आटोपल्यावर, भाऊजींनी झालेला भाग दाखवायचं ठरवलं. सेक्रेटरी शहांच्या मुलानं ऑफिसातून प्रोजेक्टर आणला, जिन्याखालच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. अर्धा-पाऊण तासाचा खेळ. पहिली दहा मिनिटं काय धमाल! "ए, ती बघ माझी मॅक्सी!" "अरे, वॉचमन झोपलाय बघ, पुरावा मिळाला!" प्रत्येक जण स्वतःला शोधत होता. मग हळूहळू लोक प्रसादाकडे सरकायला लागले, कारण पडद्यावर बाई तांदूळ निवडत होती आणि तांदूळ पुष्कळ होते.

शहा शेवटपर्यंत बसले, सभ्य माणूस. "कुबलभाई, फोटोग्राफी एकदम मस्त," ते म्हणाले. "पण स्टोरी कुठे आहे?"

"हीच स्टोरी," भाऊजी म्हणाले.

शालनताई खुर्चीवर बसून गुडघे चोळत होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "सगळ्यांची तोंडां दिसली. माजी तेवढी पाठ. हिरॉईन मी, नि लोकांनी पाठ बघून घरी जावचा?"

सगळे हसले. खरंच होतं. अख्ख्या सिनेमात शालनताईंचे हात होते, पाठ होती, कानातली कुडी होती, खिडकीशी उभ्या असतानाचा अंबाडा होता. जिथे जिथे चेहरा समोर आला तिथे तिथे त्या भाऊजींकडे बघून हसल्या होत्या, आणि ते सगळे शॉट लाल चिठ्ठी लागून गेटबाहेर गेले होते.

"पाठीतच तुझा अभिनय आहे," भाऊजी म्हणाले. "तोंडाचं नंतर बघू. शेवटचा सीन राहिलाय अजून."

तो सीन राहिलाच. त्याच वर्षी शालनताईंना साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. अजून मला ते वाक्य लिहायला नको वाटतं. सकाळी त्यांच्या दारातून कुकरची शिट्टी ऐकू आली नाही की माझीच कामं चुकायची.

तेराव्याला फोटो हवा होता. घरात सापडेना. सिनेमावेड्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नाही, यावर नातेवाईक कुजबुजले. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिला होता. फोटोत त्या समोर बघत होत्या, छान हसतही होत्या. मी म्हटलं, "चांगला आलाय हो भाऊजी."

ते फोटोजवळ वाकले. मग म्हणाले, "ही त्या लग्नातल्या फोटोग्राफरकडे बघतेय, वहिनी. माझ्याकडे नाही."

त्यानंतर ते मोबाइल घेऊन बसायचे. दार सताड उघडं आणि हे पलंगाच्या कडेला, चष्मा कपाळावर, सगळं चित्रीकरण पुन्हा पहिल्यापासून बघत. त्यांना एकच शॉट हवा होता, तिनं त्यांच्याकडे बघितल्याचा. कुठे तरी पुसायचा राहून गेला असेल, अशी आशा. मी चहा घेऊन जायचे तेव्हा मला दाखवायचे. हात. पाठ. कुडी. माझ्या वाटीत पडणारं दही. एका ठिकाणी तर चित्रात नुसतं रिकामं दार होतं आणि बाहेरून कुठून तरी शालनताईंच्या हसण्याचा आवाज येत होता. तेवढा तुकडा ते पुन्हा पुन्हा लावायचे. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेही जाऊन आले. त्यानं सांगितलं, काका, इतक्या वेळा पुसून वर भरलंय, जुनं काही परत येणार नाही.

"सगळा हिरवा माल जपून ठेवला," एकदा म्हणाले. "तीच तेवढी लाल चिठ्ठीत गेली."

मी कप उचलला. त्यात चहा तसाच होता, आणि तो जड लागला.

सिनेमाला जाणं त्यांनी सोडलं. माझ्या दारावरची टकटक थांबली. जिन्यात भेटले तर "कसं काय वहिनी" एवढंच. सणावाराला मी ताट नेऊन द्यायचे, ते निमूट घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी घासून परत आणून द्यायचे. उभ्या मजल्यावर दारं उघडी असायची, पण त्या घरातून आवाज येत नव्हता. माणूस समोर राहत असून इतका लांब जाऊ शकतो, हे मी तेव्हा बघितलं.

आणि मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. इतकी वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या, आता खरंच सही झाली. ज्यानं-त्यानं भाड्याची घरं शोधली. आम्हाला चेंबूरला जागा मिळाली. भाऊजी म्हणाले, मी कुडाळला पुतण्याकडे जातो, नवीन बिल्डिंग झाली की येईन. ते येतील असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही.

घरं रिकामी व्हायला लागली तशी एका सकाळी टकटक झाली. इतक्या दिवसांनी ती ऐकून मी हातातलं काम टाकून धावले. भाऊजी दारात उभे. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. "वहिनी, शूटिंग आहे," म्हणाले. "विरजणाचा सीन. वाटी घेऊन या."

मी गेले. खोक्यांनी भरलेलं घर. पण ट्रॉली नाही, पाटा नाही. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल हातात धरून उभे होते, आणि गुडघ्यात जरा वाकलेले. मला कळेना. मग लक्षात आलं, मोबाइल शालनताईंच्या उंचीवर धरला होता. त्या नेमक्या तिथेच उभ्या राहायच्या.

"दारातून या आणि विरजण मागा," ते म्हणाले. "आणि वहिनी, आज कॅमेऱ्यात बघायचं. तिच्याकडे बघायचात तसं."

मी दारापर्यंत गेले, वळले, वाटी पुढे केली. "शालनताई, जरा विरजण द्या हो," असं त्या काळ्या ठिपक्याकडे बघून म्हटलं आणि मला रडू फुटलं. वाटलं, आता कट म्हणतील. म्हणाले नाहीत. मी पदरानं डोळे पुसले, तरी चालूच.

"पुसायचं नाही हां आता," मीच म्हटलं.

"नाही. आता काही पुसायचं नाही."

त्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. वॉचमन पाण्याची बाटली भरायला आला. शहांची सून कढीपत्ता मागायला आली. दुधवाला, खालच्या मजल्यावरचे आजोबा, कोळणीचीही वेळ गाठून ठेवली होती. ज्याला जे शालनताईंकडे मागायची सवय होती, ते त्यानं मागायचं आणि सरळ कॅमेऱ्यात बघायचं. गंमत म्हणजे कुणीच विचारलं नाही, हे कशासाठी. शहांनीही स्टोरी कुठे आहे असं विचारलं नाही. वॉचमननं तर बाटली परत घेताना "थँक्यू भाभी" म्हटलं आणि मान खाली घालून तडक जिना उतरला.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी दुपारी ते पुन्हा आले. "शेवटचा सीन राहिलाय," म्हणाले. "पण मोबाइल तुम्हाला धरावा लागेल."

घरात आता काहीच नव्हतं. बाहेरच्या खोलीत एक स्टूल तेवढं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची तिरीप बाहेरच्या खोलीपर्यंत येत होती. त्यांनी मला दारात उभं केलं, माझा हात धरून जरा खाली आणला. "ती एवढी होती," म्हणाले. लाल बटण कुठे दाबायचं ते दाखवलं आणि जाऊन स्टुलावर बसले.

मी बटण दाबलं.

ते भिंतीकडे बघायला लागले. मग हातांकडे. मग छताकडे. सगळ्यांना आयुष्यभर तेच शिकवलेलं, स्वतःला दुसरं येतच नव्हतं. मांडीवरचा शर्ट सारखा केला. घसा खाकरला. एकदा मान वर आली, माझ्याकडे, म्हणजे मोबाइलकडे, आली आणि तशीच खाली गेली. मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

मग त्यांनी नेहमीसारखा डावा डोळा मिटला. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. आणि तसेच ते सरळ बघत राहिले, तिनं हसावं म्हणून.

कट म्हणायचं काम भाऊजींचं होतं. ते म्हणाले नाहीत. मीही मोबाइल तसाच धरून उभी राहिले.